कॉलेजात सायबर सिक्युरिटीचा कोर्स आलाय, फी भरू का?

(ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत बसलं की ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, मधले "अं..." आणि "म्हणजे बघा" तेवढे काढलेत.)

[००:००] एक व्हॉइस नोट

धरणगावहून बोलतोय. मागे पंख्याचा आवाज येतोय, पण तो बंद केला तर मी इथेच शिजेन, तेव्हा सांभाळून घ्या.

आजचा विषय मी ठरवलेला नाही, एका श्रोत्या ताईने ठरवलाय. मंगळवारी रात्री तिचा व्हॉइस नोट आला. तिच्या परवानगीने थोडक्यात सांगतो. "दादा, मी बीएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात एका कंपनीचे लोक आले होते. एमओयू झालाय म्हणे. सायबर सिक्युरिटीचा सहा महिन्यांचा कोर्स, पंचावन्न हजार फी, शंभर टक्के प्लेसमेंट. पप्पा म्हणतात भरून टाकू, कापसाचे पैसे आलेत. पण त्या पैशांतून बोअरची मोटर घ्यायची होती. शुक्रवारपर्यंत सांगायचंय. काय करू?"

बोअरची मोटर हा शब्द ऐकला आणि मला झोप नाही आली. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना कळेल. मोटर म्हणजे पुढचा सगळा हंगाम. "घे गं, स्कोप आहे" असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं, पण पैसे माझे नव्हते.

म्हणून आज नीट बोलू. कंपन्या आणि कॉलेजं मिळून हे सायबर सिक्युरिटीचं शिक्षण देतात म्हणजे नेमकं काय करतात, त्यातलं खरं कोणतं, नुसतं बॅनरवरचं कोणतं, आणि फी भरण्याआधी काय विचारायचं.

[०३:१०] काकांचा फोन

आधी एक घरचा किस्सा. माझे काका एका पतसंस्थेत क्लार्क आहेत. एक दिवस दुपारी त्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तुमच्या गाडीचं चलान फाटलंय, खालच्या फाईलमध्ये बघा. फाईलच्या नावाच्या शेवटी होतं 'डॉट एपीके'. काकांना वाटलं फोटो असेल. दाबलं, इन्स्टॉल झालं. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, काकांनी 'अलाव' केलं. विषय संपला.

यात काय होतं ते समजून घ्या. एपीके म्हणजे फोटोही नाही आणि पीडीएफही नाही, ते अख्खं ॲप असतं. एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की तुमच्या फोनवर येणारा ओटीपी ते गुपचूप समोरच्याकडे पाठवतं. तुम्ही कोणाला ओटीपी सांगितलेला नसतो, तरी तो गेलेला असतो. काकांच्या खात्यातून तीन वेळा मिळून अठ्ठेचाळीस हजार गेले.

काका घाम पुसत नुसते म्हणत होते, "मना पैसा ग्यात ना भो..." आजूबाजूचे दहा लोक दहा सल्ले देत होते. कोणी म्हणे बँकेच्या शाखेत जा, कोणी म्हणे सिम काढा, कोणी म्हणे आधी जेवून घ्या. तेवढ्यात पासबुक भरायला आलेली एक पोरगी, दुसऱ्या वर्षाला असेल, काउंटरवरूनच म्हणाली, "काका, शाखेत नंतर जा. आधी १९३० ला फोन लावा."

१९३० हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीसाठीचा हेल्पलाइन नंबर. तिथे तक्रार नोंदवली की ती माहिती थेट संबंधित बँकांकडे जाते, आणि पैसा ज्या खात्यात पोचलाय तिथे अजून शिल्लक असेल तर तो अडवून ठेवता येतो. फसवणारे लोक पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पटापट ढकलतात, म्हणून इथे खेळ मिनिटांचा असतो. काकांचे अठ्ठेचाळीसपैकी एकतीस हजार अडले. ते हातात यायला कागदपत्रं, कोर्टाचा आदेश, असे कित्येक महिने गेले. पण आले. उरलेले सतरा गेले ते गेलेच.

ती पोरगी काही एक्स्पर्ट नव्हती. तिच्या कॉलेजात सायबर सुरक्षेचं एक सत्र झालं होतं, तिथे तिने तो नंबर ऐकला होता. एवढंच. आणि ज्या ऑफिसात रोज लोकांच्या ठेवींचा हिशोब होतो, त्या अख्ख्या ऑफिसात तो नंबर कोणाला माहीत नव्हता.

अजून एक गोष्ट माझ्या डोक्यात नंतर शिरली. काकांच्या त्याच फोनमध्ये ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात ग्राहकांच्या आधार कार्डांचे फोटो, पॅन, सह्या. म्हणजे दार एकट्या काकांच्या खात्याचं उघडलं नव्हतं, सगळ्या संस्थेचं उघडलं होतं. म्हणून सायबर सिक्युरिटीचं शिक्षण हा फक्त पुण्याला नोकरी करणाऱ्यांचा विषय नाही. काउंटरवर बसणाऱ्याचाही आहे.

[०७:४५] नोकऱ्या खरंच आहेत का?

आहेत. आणि का आहेत हे कळलं तर कोर्स विकणाऱ्याच्या बोलण्यातलं किती घ्यायचं तेही कळेल.

२०१८ सालचा ऑगस्ट आठवा. पुण्याची कॉसमॉस बँक, १९०६ पासूनची जुनी सहकारी बँक. चोरांनी तिच्या एटीएमच्या यंत्रणेत मालवेअर घुसवलं आणि खऱ्या स्विचच्या जागी स्वतःचा खोटा स्विच उभा केला. एटीएममधून पैसे मागितले की मशीन बँकेला विचारतं, "देऊ का?" इथे उत्तर बँकेऐवजी चोरच देत होते, "दे." ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ तारखेला स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात जवळपास १४ कोटी गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. एटीएममधून पैसे काढणाऱ्या टोळीतल्या अकरा जणांना २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टात शिक्षा झाली.

त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली. मग ३१ डिसेंबर २०१९ ला आणखी एक परिपत्रक आलं, त्यात बँकांच्या चार पातळ्या केल्या. छोट्या, साध्या बँकेला पहिली पातळी. स्वतःचा एटीएम स्विच, स्विफ्ट वगैरे असलेल्या बँकांना वरच्या पातळ्या. जितकी पातळी वरची, तितके नियम कडक. सगळ्यात वर तर चोवीस तास नजर ठेवणारं केंद्र हवं आणि सुरक्षेसाठी जबाबदार अधिकारी हवा.

एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन, म्हणजे देशातल्या सायबर घटनांवर काम करणारी सरकारी यंत्रणा, तिने आदेश काढला. ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. हे सरकारी कार्यालयांना, कंपन्यांना, सगळ्यांना लागू.

आता मला सांगा, सहा तासांत कळवायचं तर आधी कळलं पाहिजे. लॉग जपायचे तर ते कुठे असतात हे माहीत असणारा माणूस पाहिजे. म्हणजे कायद्यानेच काम तयार केलंय. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या छत्राखाली येत नाहीत, त्या सहकार खात्याकडे. पण चोर काही पाटी वाचून येत नाही.

आणि माणसं कमी आहेत हे सरकारलाही माहीत होतं. २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणातच लिहिलं होतं की पाच वर्षांत पाच लाख प्रशिक्षित माणसं तयार करायची. एवढी माणसं एकटं सरकार किंवा एकटी कंपनी तयार करू शकत नाही. म्हणून कॉलेज मध्ये आलं. कॉलेजकडे पोरं आणि वर्ग आहेत, कंपनीकडे चालू कामाची माहिती आणि लॅब. दोघांची गाठ मारायची. कल्पना चांगलीच आहे. फक्त गाठ कोणी कशी मारली ते बघायचं.

[१२:२०] भागीदारीचे पाच प्रकार

माझ्या पाहण्यात पाच प्रकार आहेत. बॅनरवर सगळ्यांना 'इंडस्ट्री पार्टनरशिप' असंच म्हणतात, पण आतला माल वेगवेगळा.

पहिला, जनजागृतीचा. पुण्याची क्विक हील तुम्हाला माहीत असेल. कैलास काटकर नावाचा, दहावीपर्यंत शिकलेला साताऱ्याकडचा माणूस, कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीत आला. भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता, त्याने अँटिव्हायरस लिहिला, आणि १९९५ मध्ये तो बाजारात आला. त्यांच्या फाउंडेशनचा 'सायबर शिक्षा फॉर सायबर सुरक्षा' हा उपक्रम कॉलेजांबरोबर चालतो. कॉलेजच्या पोरांना शिकवायचं, आणि त्यांनी शाळांत, वस्त्यांत जाऊन पुढे शिकवायचं. यातून थेट नोकरी मिळत नाही. पण चारचौघांत उभं राहून ओटीपीची फसवणूक आजीला कळेल अशा भाषेत सांगता येणं, हे इंटरव्ह्यूला खूप कामाला येतं. आपल्याकडे अहिराणीत सांगता आलं तर अजून भारी.

दुसरा, ऑनलाइन अकॅडमीचा. सिस्को कंपनीची नेटवर्किंग अकॅडमी १९९७ पासून आहे, जगभरातल्या कॉलेजांत चालते. तिचे सायबर सिक्युरिटीचे सुरुवातीचे कोर्स घरबसल्या फुकट करता येतात. एआयसीटीईच्या व्हर्च्युअल इंटर्नशिपमध्ये पालो आल्टोसारख्या कंपनीचा सायबर सिक्युरिटीचा अभ्यास कॉलेजांमार्फत मिळतो. यात माल चांगला असतो, पण वाढणारा कोणी नसतो. आपणच घेऊन खायचं. व्हिडिओ पळवून सर्टिफिकेट काढणारे पुष्कळ असतात, आणि इंटरव्ह्यूच्या दुसऱ्या प्रश्नाला ते पकडले जातात.

तिसरा, सरकारी. पुण्याची सी-डॅक, १९८८ ची. परम सुपरकॉम्प्युटर बनवणारी तीच. तिचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, डिटिस म्हणतात त्याला, आयटी यंत्रणा आणि सुरक्षा यांवरचा. सी-कॅट नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. हा मुख्यतः इंजिनिअरिंग, एमसीए, एमएस्सी अशांसाठी, त्यामुळे नुसत्या बीएस्सीवाल्यांनी पात्रता वाचूनच पुढे जायचं. मुलींसाठी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि डीएससीआय या संस्थेने 'सायबर शिक्षा' कार्यक्रम सुरू केला, तोही इंजिनिअरिंगच्या पदवीधर मुलींसाठी.

चौथा प्रकार मला सगळ्यात आवडतो. आधी नोकरी, मग कॉलेज. आणि याची मुळं आपल्या शेजारी आहेत. अमळनेर! २९ डिसेंबर १९४५ ला अमळनेरच्या तेलगिरणीसाठी एक कंपनी स्थापन झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. वनस्पती तूप आणि साबण बनवायची. १९६६ मध्ये वडील गेले म्हणून अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी स्टॅनफर्डचं शिक्षण सोडून परत आले आणि कंपनी हातात घेतली. तीच आजची विप्रो. आता ती इतर कंपन्यांना सायबर सुरक्षेची सेवासुद्धा विकते.

या विप्रोने १९९५ मध्ये बिट्स पिलानीबरोबर एक योजना सुरू केली. बीएस्सी झालेल्या पोराला घ्यायचं, काम द्यायचं, पगार द्यायचा आणि नोकरी करता करता त्याची एमएसची पदवी करून घ्यायची. पुढे तिचं रूप बदललं, दुसऱ्या विद्यापीठांशी जोडणी झाली, आता बीसीए-बीएस्सीवाल्यांसाठी 'वर्क इंटिग्रेटेड लर्निंग' म्हणून ओळखतात, आणि एमटेक करता येतं. यात काहीच फुकट नाही बरं का. टक्केवारीची अट असते, काही वर्षांचा करार असतो, मध्येच सोडलं तर पैसे परत मागतात. आणि काम सायबर सिक्युरिटीचंच मिळेल असंही नाही. पण मुद्दा बघा, इथे कंपनी तुमच्यावर पैसा लावते. जो पैसा लावतो त्याला तुम्ही शिकलेलं हवं असतं.

पाचवा प्रकार, सांभाळून. एक खाजगी क्लासवाला कॉलेजशी एमओयू करतो. कॉलेजला अहवालात दाखवायला एक कागद मिळतो, क्लासवाल्याला शंभर पोरांच्या समोर उभं राहायला मिळतं. फी थेट त्याच्याकडे. सगळे असे क्लास खोटे असतात असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी फार मनापासून शिकवतात. पण इथे पैसा तुम्ही लावताय, म्हणून तपासायचंही तुम्हालाच.

[१८:०५] नोकरीत करतात काय?

बॅनरवर हुडी घातलेला हॅकर असतो. पहिली नोकरी तशी नसते. बहुतेकांची सुरुवात होते एसओसी ॲनॅलिस्ट म्हणून, पहिल्या पातळीवर. एसओसी म्हणजे नजर ठेवणारं केंद्र. शिफ्ट असते, रात्रपाळी असते. समोर स्क्रीन, स्क्रीनवर सूचना येत राहतात.

एक उदाहरण सांगतो. रात्री दोन वाजता सूचना येते. एका कर्मचाऱ्याच्या खात्यात जळगावहून लॉगिन झालं, आणि वीस मिनिटांनी त्याच खात्यात दुसऱ्या देशातून लॉगिन झालं. माणूस वीस मिनिटांत तिकडे पोचत नाही. मग पासवर्ड चोरीला गेला का? का त्याने व्हीपीएन चालू केलं, म्हणून जागा वेगळी दिसतेय? तुम्ही लॉग बघता. आधी कधी असं झालं होतं का? दुसऱ्या लॉगिननंतर त्याने काय उघडलं? फोन तोच आहे का? मग ठरवता, किरकोळ आहे, बंद करू, का वरच्या माणसाला उठवू. आणि जे पाहिलं ते इंग्रजीत चार स्वच्छ वाक्यांत लिहिता.

बस, हेच काम. यासाठी लागतं काय? नेटवर्क कसं चालतं ते. लिनक्सची कमांड लाइन. लॉग वाचायची सवय. चार वाक्यं नीट लिहिणं. आणि रात्री तीन वाजता चाळिसाव्या सूचनेकडेही पहिल्यासारखं बघायचा धीर. या शेवटच्या गोष्टीचं सर्टिफिकेट कोणी देत नाही.

[२१:३०] फी भरण्याआधी पाच प्रश्न

ताईला मी हेच पाच प्रश्न लिहून पाठवले. तुम्हीही स्क्रीनशॉट काढा.

१. एमओयूची प्रत बघू द्याल का? कोणाबरोबर आहे, कोणत्या तारखेपर्यंत आहे? एमओयू हा मुळात समजुतीचा कागद. त्यात 'नोकरी देऊ' असं लिहिलेलं आहे का ते वाचा, बोललेलं धरू नका.

२. फी कोणाच्या खात्यात जाणार? पावती कॉलेजच्या नावाची का क्लासच्या? मध्येच बंद पडलं तर पैसे परत कोण देणार?

३. सर्टिफिकेट कोणाचं? इथे भले भले फसतात. 'कोर्स पूर्ण केला' हे एक, आणि 'परीक्षा पास झाली' हे दुसरं. कॉम्पटियाची सिक्युरिटी प्लस ही परीक्षा वेगळी असते, तिची फी वेगळी असते. क्लासवाला 'सिक्युरिटी प्लसचा अभ्यासक्रम' म्हणतो, याचा अर्थ ते सर्टिफिकेट मिळणार असा होत नाही.

४. शिकवणार कोण? त्या माणसाने कधी या क्षेत्रात नोकरी केली आहे का? लॅब कुठे, आठवड्याला किती तास, एका मशीनवर किती जण?

५. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे नोकरी, का नुसते इंटरव्ह्यू? मागच्या बॅचच्या तीन पोरांचे नंबर द्या, आम्हीच बोलतो.

हे विचारायला लाजू नका. आपल्याकडे सरांना प्रश्न विचारणं उद्धटपणा वाटतो. पण बैल घेताना आपले वडील दात बघतातच की. तो बैलाचा अपमान नसतो.

[२५:१५] पैसे न लावता सुरुवात

मी म्हणतो, फी भरायच्या आधी तीन महिने फुकटात शिकून बघा. एक तर आवड आहे की नाही ते कळेल. आणि नंतर कोर्स केलाच तर शिकवणाऱ्याला चांगले प्रश्न विचाराल.

पहिला महिना, नेटवर्किंग. सिस्कोचे फुकट कोर्स. आयपी ॲड्रेस काय, डीएनएस काय, पोर्ट काय. वहीत लिहा, हाताने.

दुसरा महिना, लिनक्स. 'ओव्हरदवायर' नावाच्या साइटवर 'बँडिट' नावाचा खेळ आहे. एकेक पातळी पार करायची, प्रत्येक पातळीवर पुढचा पासवर्ड शोधायचा. खेळता खेळता कमांड येतात. लॅपटॉप नसेल तर कॉलेजची लॅब मागा.

तिसरा महिना, लॉग आणि पॅकेट. 'वायरशार्क' हे फुकट सॉफ्टवेअर आहे, स्वतःच्याच लॅपटॉपमधून काय ये-जा करतंय ते त्यात दिसतं. 'ट्रायहॅकमी' वर काही धडे फुकट आहेत. आणि जे शिकलात त्यावर दर आठवड्याला अर्धं पान लिहा. इंटरव्ह्यूला तीच वही दाखवा.

एक मात्र लक्षात ठेवा. शिकलेलं वापरून बघायचं म्हणून कॉलेजच्या किंवा बँकेच्या साइटवर हात साफ करू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरणं हा आयटी कायदा २००० प्रमाणे गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. "सर, मी फक्त बघत होतो" हे पोलीस स्टेशनात चालत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जरा गंभीर आहे. आपल्याकडची पोरं कामासाठी गाडीत बसून सुरतला जातात, ती सवय जुनी आहे. आता टेलिग्रामवर थायलंडच्या ऑफरी येतात. डेटा एंट्री, आयटी सपोर्ट, तिकीट आमचं, पगार डॉलरमध्ये. तिथून माणसाला सीमेपलीकडे म्यानमारला नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि आपल्याच लोकांना फसवायला बसवतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुसेनेच्या विमानाने एकाच फेरीत २८३ जणांना परत आणलं. त्यातले बरेच जण तुमच्या-माझ्यासारखेच, नोकरीच्या शोधात निघालेले. इंटरव्ह्यू नाही, परीक्षा नाही, आणि थेट विमानाचं तिकीट आलं, तर ते तिकीट फाडा.

[२९:४०] शुक्रवार

ताईने गुरुवारी कॉलेजात जाऊन पाचही प्रश्न विचारले. सोबत तीन मैत्रिणी होत्या. तिचाच सल्ला आहे, एकटीने जाऊ नका.

एमओयूची प्रत सरांनी मोकळ्या मनाने दाखवली. त्यात प्लेसमेंटबद्दल एकच ओळ होती, 'सहकार्य करण्यात येईल' अशी. फी क्लासच्या खात्यात. सर्टिफिकेट क्लासचं. मागच्या बॅचचे नंबर "दोन दिवसांत देतो" म्हणाले, ते अजून आलेले नाहीत. पण एक चांगली गोष्ट झाली. सरच म्हणाले की हे मला आधी सुचायला हवं होतं, आता पुढच्या वर्षी कोणी आलं तर हे प्रश्न मीच विचारेन. आणि त्यांनी पोरींना शनिवारी दोन तास लॅब उघडून द्यायचं कबूल केलंय. चौघी जणी सध्या 'बँडिट'च्या अकराव्या पातळीवर अडकल्यात.

मोटर घेतली. पप्पांनी फोटो पाठवला मला, मोटरचा. खाली लिहिलं होतं, "पाणी चांगलं आहे."

आता यावर कोणी म्हणेल, दादा, तिची संधी गेली तर? विचार मीही केला. सहा महिन्यांनी कळेल. कदाचित तो क्लास चांगला निघेल आणि मी चुकीचा ठरेन. तसं झालं तर याच माइकवर येऊन सांगेन. पण ज्याला तीन पोरांचे नंबर देता येत नाहीत, त्याला घरची मोटर देऊ नये, एवढं मला पटतं.

माझी एक इच्छा मात्र आहे. आपल्या कॉलेजांनी पुण्याच्या कंपन्यांकडे जरूर बघावं, पण एक एमओयू शेजारच्या पतसंस्थेबरोबरही करावा. आता नवीन शैक्षणिक धोरणात कामाच्या जागी शिकण्याला क्रेडिट मिळतात. पोरांनी महिनाभर तिथे बसावं. कोणत्या कॉम्प्युटरला अपडेट नाही ते लिहून काढावं, आधारचे फोटो व्हॉट्सॲपवरून हटवायला लावावेत, प्रत्येक टेबलावर १९३० चा कागद चिकटवावा. पोरांना अनुभव मिळेल, संस्थेला माणूस मिळेल. यात पंचावन्न हजार कुठेच लागत नाहीत.

काकांच्या काउंटरवर तो कागद लागलाय, मीच प्रिंट काढून दिला. काका येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवतात, आणि सतरा हजारांची गोष्ट सांगतात. दर वेळी थोडी वाढवून. परवा ऐकलं तर चोर रशियाचा झाला होता.

चला मंडळी, थांबतो. पैसे गेले तर आधी १९३०, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार, मग बाकीचं. आणि तुमच्या कॉलेजात असा काही कोर्स आला असेल, तर पाच प्रश्नांची उत्तरं काय मिळाली ते व्हॉइस नोटने कळवा. नाव सांगू नका, उत्तरं सांगा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. काळजी घ्या!